पिडिंग्टनचा जोडे शिवणारा : एका इंग्रज कारागिराच्या आयुष्याचा माग

भुसावळच्या रेल्वे वसाहतीत वाढलेले एक अँग्लो-इंडियन गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांनी मला विचारले, ‘‘आमचा खापरपणजोबा इंग्लंडातल्या कुठल्याशा खेड्यात लोहार होता, असे आजी म्हणायची. हे खरे की खोटे, कसे कळेल?’’ मी इतिहासाचा पदवीधर नाही. वाणिज्य शाखेतून बाहेर पडलो आणि तीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासले. जुने कागद वाचण्याची सवय तेवढी लागली. त्यांना मी म्हणालो, आधी दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यावर हात बसवून घेतो. असा माणूस, की ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे आणि ज्याच्यावर आपली पद्धत पारखून घेता येईल.

तो माणूस मला घरच्या कपाटात सापडला. अ. का. प्रियोळकरांचे भारतातल्या मुद्रणाच्या इतिहासावरचे १९५८चे इंग्रजी पुस्तक ज्यांनी चाळले असेल, त्यांना विल्यम कॅरी हे नाव नवे नाही. कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला १८०५ साली त्याने मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश. कोशातले मराठी शब्द मोडी खिळ्यांनी जुळवलेले आहेत. छापील मराठीच्या वंशावळीत त्याचे नाव कुठे तरी वरच्या फांदीवर घालावेच लागते. पण हा कॅरी वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षापासून पुढे दहा-बारा वर्षे खेड्यात जोडे शिवून पोट भरत होता. भारतात आल्यानंतरच्या त्याच्या एकेचाळीस वर्षांवर ढीगभर लिहिले गेले आहे. मला त्याआधीची बत्तीस वर्षे हवी होती. आणखी एक सोय अशी, की त्याचा माग त्याच्या घरातल्याच माणसाने काढून ठेवलेला आहे. सॅम्युएल पिअर्स कॅरी हा त्याचा पणतू. त्याने १९२३ साली पणजोबाचे चरित्र प्रसिद्ध केले. म्हणजे पणतूचे पुस्तक एका हाताशी आणि सरकारी व चर्चच्या वह्या दुसऱ्या हाताशी ठेवून ताळा करता येतो.

सुरुवात गावापासून. इंग्लंडच्या मधोमध नॉर्थॅम्प्टनशर नावाचा परगणा आहे. त्याच्या दक्षिण टोकाला, रोमनांनी बांधलेल्या वॉटलिंग स्ट्रीट या रस्त्याजवळ पॉलर्सपरी हे खेडे. १७ ऑगस्ट १७६१ रोजी तिथे कॅरी जन्मला. बाप एडमंड हा मागावर लोकरीचे कापड विणायचा. मुलगा सहा वर्षांचा असताना बापाला गावच्या शाळेतली मास्तरकी मिळाली आणि तिच्याबरोबर चर्चच्या कारकुनाचे कामही. आजोबा पीटर यानेही गावात हेच काम केले होते.

इथे आपल्याकडच्या वाचकाने जरा थांबावे. विणकराचा मुलगा मास्तराचाही मुलगा आहे आणि पुढे जोडे शिवणार आहे. आपल्या मनात ‘जोडे शिवणारा’ म्हटले की जात उभी राहते, आणि जातीबरोबर गावाबाहेरचे घर. तिथे तसे नव्हते. धंदा हा करार करून शिकण्याचा विषय होता. गरिबी होती, वरच्या वर्गाची तुच्छताही होती. पण कातड्याला हात लावल्याने कुणी विटाळत नव्हते. कॅरीला आधी शेतीच्या कामाला लावले होते. उन्हात गेले की त्याच्या अंगावर चट्टे उठत आणि रात्री आग होई. म्हणून बापाने घराच्या आत बसून करायचा धंदा शोधला. त्याने जोडे शिवले, त्यामागचे कारण इतके साधे आहे. मराठीत लिहिताना ‘चांभार कॅरी’ असा उल्लेख सर्रास होतो, तो म्हणूनच मला खटकतो. अर्थ बरोबर असतो. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलतेच गाव उभे राहते.

आता वह्यांकडे. टॉमस क्रॉमवेलच्या हुकुमाने १५३८ पासून इंग्लंडच्या प्रत्येक चर्च-गावाला, म्हणजे पॅरिशला, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवणे भाग पडले. १५९८ पासून त्या नोंदींची नक्कल दरवर्षी बिशपकडे पाठवायची असे. मूळ वहीला वाळवी लागली असेल, तर नकलेवरून काम भागते. दोन्ही असतील तर दोन्ही पाहाव्यात, कारण नक्कल करणारा कारकून दमला की नावे गाळतो. हे मी हिशेबनीस म्हणून सांगतो. आणि असा कारकून कोण असे? पॉलर्सपरीत एडमंडचे पद नेमके तेच होते. चर्चच्या कारकुनाने पाद्र्यामागून ‘आमेन’ म्हणायचे, घंटा सांभाळायची आणि बऱ्याच गावांत वहीही धरायची.

या वह्यांत धंदा शोधायला गेलात तर निराशा पदरी येते. १८१३ पासून छापील नमुन्याच्या वह्या आल्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाच्या धंद्याचा स्वतंत्र रकाना आला. त्याआधी धंदा लिहायचा की नाही, हे पाद्र्याच्या लहरीवर. आणखी एक खड्डा आहे. त्यात मी पडलो म्हणून सांगतो. १७५१ पर्यंत इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे फेब्रुवारी १७४० अशी नोंद आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७४१ची असते. एका कुटुंबातले मूल लग्नाआधी सात महिने जन्मल्याचे मी मोठ्या उत्साहाने टिपून ठेवले होते. त्या बिचाऱ्या बाईची मी मनातल्या मनात माफी मागितली.

कॅरीला पिडिंग्टन गावच्या क्लार्क निकोल्सकडे शिकाऊ म्हणून ठेवले. घरापासून हे गाव आठ-नऊ मैलांवर. १५६३च्या कायद्याने सात वर्षे उमेदवारी केल्याशिवाय धंदा करता येत नसे. कायदा १८१४ पर्यंत पुस्तकात होता, मात्र तोवर तो बराच सैल झाला होता. उमेदवारीचा करारनामा हा कारागिराच्या शोधातला सगळ्यात गोड कागद. मुलाचे नाव, उस्तादाचे नाव, गाव, धंदा, वर्षे आणि दिलेली रक्कम, सगळे एका ठिकाणी. पण करारनामा दोन पक्षांच्या घरी राहायचा आणि घरातले कागद चुलीत जातात. टिकला तो सरकारी कर. १७१० पासून उस्तादाला मिळणाऱ्या रकमेवर मुद्रांक-कर बसला. पन्नास पौंडांपर्यंत पौंडामागे सहा पेनी, त्यावर पौंडामागे एक शिलिंग. त्याच्या नोंदवह्या १७१० ते १८११ पर्यंतच्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. १७५२ पर्यंतच्या नोंदींत बहुधा मुलाच्या बापाचेही नाव मिळते, नंतर मिळत नाही.

या वह्यांत नाव नसले की लोक हात टेकतात. तसे करू नये. रक्कम न देता ठेवलेल्या मुलावर कर नव्हता. भाऊ-काकाकडे शिकणारा मुलगा, तोंडी बोलीवर ठेवलेला मुलगा आणि गावाच्या खर्चाने धंद्याला लावलेला अनाथ यांपैकी कुणीही या वहीत येत नाही. खेड्यातल्या जोडे शिवणाऱ्याकडे जाणारी पोरे बहुतेक याच वर्गातली. नाव नाही म्हणजे उमेदवारी झाली नाही, असा निष्कर्ष काढणे म्हणजे आयकर भरला नाही म्हणून माणूस बेकार ठरवण्यासारखे आहे.

त्या धंद्याबद्दल थोडे. नॉर्थॅम्प्टनशरमध्ये जोडेच का? गुरांचे कळप लंडनच्या बाजाराकडे याच वाटेने जात, त्यामुळे कातडे मिळे. आसपासच्या जंगलातल्या ओकच्या सालीने ते कमावता येई, आणि पाणीही होते. १६४२ साली आयर्लंडकडे निघालेल्या फौजेसाठी नॉर्थॅम्प्टनच्या कारागिरांनी चार हजार जोड पादत्राणे आणि सहाशे जोड बूट करून दिले होते. पैसे मिळवताना मात्र त्यांच्या नाकी नऊ आले. हा धंदा तेव्हा कारखान्यात चालत नसे. घरातल्या खिडकीशी एक ठेंगणे बाकडे, मांडीवर कातडे कुटायचा गुळगुळीत दगड, रापी, आरी, लाकडी कलबुतांची रांग आणि मेण चोळलेला दोरा. उन्हाळ्यात दिवसाचा उजेड, हिवाळ्यात मेणबत्ती. एवढे भांडवल असले की माणूस धंद्याला मोकळा. म्हणूनच गरिबाच्या मुलाला हा धंदा परवडे, आणि म्हणूनच या धंद्यात गर्दीही फार.

कागदांत मात्र या माणसाचे नाव ‘शूमेकर’ असे क्वचितच सापडते. तिथे ‘कॉर्डवेनर’ असते. पहिल्यांदा हा शब्द वाचला तेव्हा मी त्याला दोरखंडाचा व्यापारी समजलो. शब्द आला आहे स्पेनमधल्या कॉर्दोबा शहरावरून, कारण तिथले मऊ कातडे नावाजलेले होते. नव्या कातड्याचे नवे जोडे करणारा तो कॉर्डवेनर आणि जुन्याला ठिगळ लावणारा तो कॉब्लर. हा फरक धंद्यातल्या माणसाला फार महत्त्वाचा. सांगतात, की पुढे बंगालमध्ये गव्हर्नर जनरलच्या मेजवानीत एका लष्करी अधिकाऱ्याने, कॅरी पूर्वी जोडे बनवायचा ना, अशी कुजबुज केली. कॅरीने ती ऐकली आणि जोडे बनवणारा नव्हे, फक्त दुरुस्त करणारा होतो, असे उत्तर दिले. चरित्रकार याला नम्रता म्हणतात. शब्दांतला फरक माहीत झाल्यावर मला त्यात मिश्कीलपणाही दिसतो. कुजबुजणाऱ्याने एक पायरी खाली ढकलले, तर याने स्वतःच दुसरी पायरी उतरून दाखवली. वस्तुतः तो नवे जोडेही करायचा.

निकोल्सकडच्या दिवसांतली एक गोष्ट कॅरीने स्वतःच लिहून ठेवली आहे. नाताळात शिकाऊ पोरे गिऱ्हाइकांकडून आणि व्यापाऱ्यांकडून बक्षिसी गोळा करत. एका लोखंडी सामानाच्या दुकानदाराने त्याला शिलिंग दिला, तो खोटा निघाला. पोराने तो उस्तादाच्या पैशांत सरकवला, खरा शिलिंग स्वतःकडे घेतला आणि नंतर पकडला गेला. चरित्रांत ही कथा पश्चात्तापाची म्हणून येते. मी ती आर्थिक कागद म्हणून वाचतो. त्या काळात चांदीच्या नाण्यांची टंचाई होती आणि खोटी नाणी सर्रास फिरत. शिकाऊ पोराला पगार नसे, म्हणून वर्षातून एकदा मिळणारी ही बक्षिसीच त्याची रोकड. त्या पोराला एका शिलिंगासाठी असे वागावेसे वाटले, यावरून त्याच्या खिशाची कल्पना येते.

याच दुकानात निकोल्सच्या पुस्तकांत बायबलवरचे एक भाष्य होते आणि त्यात अधूनमधून अनोळखी अक्षरे. ती ग्रीक होती. कॅरी ती अक्षरे उतरवून घेई आणि सुट्टीला घरी गेला की पॉलर्सपरीच्या टॉम जोन्सला दाखवी. हा जोन्स काही पंडित म्हणून मिरवत नव्हता, तोही विणकरच. खेड्यात मागावर बसलेल्या माणसाला ग्रीक येत होते, ही गोष्ट मला कॅरीच्या हुशारीपेक्षा अधिक विचार करायला लावते.

१७७९ साली निकोल्स वारला आणि कॅरी शेजारच्या हॅकलटनला टॉमस ओल्डकडे कामाला लागला. या टप्प्यावर संशोधकाच्या हाती आणखी एक साधन असते, ते म्हणजे लष्करी भरतीच्या याद्या. गावचा शिपाई १८ ते ४५ वयाच्या पुरुषांची धंद्यासह यादी करी आणि तीतून चिठ्ठ्या टाकून माणसे निवडत. बहुतेक परगण्यांच्या याद्या नष्ट झाल्या. नॉर्थॅम्प्टनशरच्या १७७७च्या याद्या मात्र बऱ्याचशा टिकल्या आणि १९७३ मध्ये छापल्याही गेल्या. अठराव्या शतकात एका गावात किती विणकर, किती जोडेवाले, किती शेतमजूर हे इतके सरळ सांगणारा दुसरा कागद नाही. मी आनंदाने उघडला आणि मग लक्षात आले, की १७७७ मध्ये कॅरी सोळा वर्षांचा होता. कागद कितीही चांगला असला तरी तो कुणाला मोजतो आणि कुणाला नाही, हे आधी पाहावे, हा धडा मी त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. त्या याद्यांत अर्थातच बायकाही नाहीत. परगण्याच्या या दक्षिण भागात घरोघरी बायका आणि मुली उशीवर रिळे नाचवून लेस विणत. घरात मीठ-भाकरी कुणाच्या कमाईने येई, ते पुरुषांच्या यादीवरून कळत नाही.

लग्न १० जून १७८१ रोजी, पिडिंग्टनच्या चर्चमध्ये. नवरा विसाव्या वर्षात, नवरी डॉरथी प्लॅकेट त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. ती ओल्डच्या बायकोची बहीण. म्हणजे मालकाच्या मेहुणीशी लग्न. खेड्यातल्या कारागिरांत हे नेहमीचे. सोयरीक आणि धंदा एकाच उंबऱ्यावर. कॅरी तोवर चर्च ऑफ इंग्लंडपासून दूर जाऊ लागला होता. हॅकलटनला त्याच वर्षी जी लहानशी स्वतंत्र मंडळी स्थापन झाली, तिच्या मूळ नऊ सभासदांत त्याचे नाव आहे. तरी लग्न सरकारी चर्चमध्येच, कारण १७५४ पासून अमलात आलेल्या कायद्याने क्वेकर आणि यहुदी सोडून सर्वांना तेच भाग होते. त्या कायद्याचा संशोधकाला मोठा फायदा झाला. लग्नाची वही छापील नमुन्याची झाली आणि नवरा-नवरी व साक्षीदार यांच्या सह्या सक्तीच्या झाल्या.

त्या नोंदीत विल्यम कॅरीची सही आहे. डॉरथीची फुली आहे.

फुलीवरून लगेच ‘अडाणी’ म्हणू नये. त्या काळी वाचन आधी शिकवत, लेखन नंतर आणि निराळे पैसे घेऊन. त्यामुळे वाचता येणारी पण लिहिता न येणारी माणसे पुष्कळ होती. इंग्लंडभरच्या अशा वह्यांची मोजदाद झाली आहे. शतकाच्या मध्याला सुमारे साठ टक्के नवऱ्यांनी सही केली, तर नवऱ्यामुलींपैकी चाळीस टक्क्यांहून कमी जणींनी. डॉरथी बहुसंख्येतली होती. तरीही पुढे अनेक भाषांची व्याकरणे लिहिणाऱ्या माणसाच्या नावाखाली ती फुली पाहणे सोपे जात नाही.

यानंतरची पाचसहा वर्षे सगळ्यात हलाखीची. पहिली मुलगी अॅन दोन वर्षांची असताना तापाने गेली. त्याच तापात कॅरीचे डोक्यावरचे केस गेले आणि त्याला टोप लावावा लागला. ओल्ड वारला. त्याची विधवा, चार मुले आणि धंदा कॅरीच्या अंगावर आला. पॉलर्सपरीतले आईबाप आणि धाकटा भाऊ यांनी स्वतःच्या तुटपुंज्या मिळकतीतून मदत केली. या काळाचा एक विलक्षण दस्तऐवज पॅरिशच्या वह्यांतच लपलेला आहे. ऑक्टोबर १७८३ पासून सरकारने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन या प्रत्येक नोंदीवर तीन पेनी कर बसवला. अमेरिकेतल्या युद्धाचे कर्ज फेडायचे होते. कंगालांना माफी होती. त्यामुळे १७९४ पर्यंत, म्हणजे कर रद्द होईपर्यंत, कित्येक वह्यांत नावापुढे ‘पी’ हे अक्षर दिसते. पी म्हणजे पॉपर, गावच्या मदतीवर जगणारा. ती खूण असली तर घराची स्थिती कळते. पण काही पाद्री दयेपोटी वाटेल त्याला पी लावत, आणि काही आईबाप कर वाचवायला मूल बाप्तिस्म्याला नेतच नसत. कर रद्द झाल्यावर मग एकाच दिवशी एका घरची चार-चार मुले नेलेली दिसतात. खूण वाचायची ती एवढे ध्यानात ठेवून.

कॅरीच्या बाबतीत अडचण निराळी. ५ ऑक्टोबर १७८३ला नॉर्थॅम्प्टनजवळ नेन नदीत जॉन रायलंड याच्या हातून त्याने बॅप्टिस्ट पद्धतीने, मोठेपणी बाप्तिस्मा घेतला. बॅप्टिस्ट लोक तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. म्हणजे घर बॅप्टिस्ट झाले की मुले पॅरिशच्या वहीतून एकदम नाहीशी होतात. अशा वेळी दफनाची नोंद, मंडळीची स्वतःची वही आणि खासगी पत्रे यांवर भिस्त ठेवावी लागते. अशा स्वतंत्र मंडळ्यांच्या वह्या सरकारने १८३७ नंतर गोळा केल्या आणि त्या आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ज्यांचा पूर्वज मध्येच ‘हरवतो’, त्यांनी तो मेला असे समजण्याआधी त्याने पंथ बदलला का, हे पाहावे.

१७८५ मध्ये कॅरी बायकोसह मोल्टनला गेला. अंतर फार तर दहा-अकरा मैल. आपल्याला वाटते, यात काय विशेष? पण १६६२च्या कायद्याने इंग्लंडातल्या प्रत्येक गरिबाला एक कायदेशीर गाव असे. आजारी, म्हातारा किंवा बेकार झाला तर त्याला पोसायचे कुणी, हे त्या गावावरून ठरे. एखाद्या गावात उमेदवारी केली की ते तुमचे गाव. वर्षाला दहा पौंड भाड्याची जागा घेतली तरी ते गाव तुमचे. आणि बायकोचे गाव नवऱ्याचे. नव्या गावात आलेला माणूस आपल्यावर बोजा होईल अशी नुसती शंका आली, तरी त्याला कुटुंबासह मूळ गावी पोचते करण्याचा हुकूम निघू शके. १७९५ पर्यंत ही शंका पुरेशी होती. अविवाहित गरोदर बाईला तर अगदी दिवस भरत आले असतानाही गाडीत घालून हद्दीपार करत, कारण मूल जिथे जन्मेल त्या गावाच्या माथी बसे.

या क्रूर कायद्याने संशोधकाला सोन्याची खाण दिली. माणसाला न्यायाधीशापुढे उभे करून त्याचा जबाब घेत: जन्म कुठे, उमेदवारी कुणाकडे, किती वर्षे, लग्न कधी, मुले किती, शेवटचे भाडे किती. ज्याने आयुष्यात एक पत्र लिहिले नाही अशा लोहाराचे, सुताराचे, जोडेवाल्याचे अख्खे चरित्र अर्ध्या पानात उतरलेले सापडते. खाली पुन्हा एक फुली. खेड्यातल्या कारागिराबद्दलची सर्वोत्तम माहिती त्याच्या सुखाच्या दिवसांत तयार झालेली नसते. कर वसूल करायचा असतो, फौजेला माणूस हवा असतो किंवा त्याला गावातून हाकलायचे असते, तेव्हा कुणीतरी त्याला त्याचे आयुष्य विचारते. जो कधी अडचणीत आला नाही, तो कागदावर जवळजवळ आलाच नाही.

मोल्टनला कॅरी एका लहान बॅप्टिस्ट मंडळीचा धर्मोपदेशक झाला. वर्षाचे वेतन वीस पौंडसुद्धा नव्हते, म्हणून तो शाळा चालवी आणि जोडेही शिवी. केटरिंगचा टॉमस गॉच हा जोड्यांचा मोठा व्यापारी कातडे देई आणि तयार माल घेई. एक दिवस गॉचने त्याला जोडे शिवणे बंद करून अभ्यास कर म्हणून आठवड्याला दहा शिलिंग बांधून दिले, असे पणतूच्या चरित्रात आहे. घराण्यात चालत आलेल्या अशा गोष्टी मी पेन्सिलीने लिहितो, शाईने नाही. याउलट अँड्र्यू फुलर हा मित्र त्या खोलीत गेला होता आणि त्याने डोळ्यांनी पाहिलेले सांगितले आहे. भिंतीवर अनेक कागद एकमेकांना चिकटवून केलेला जगाचा नकाशा आणि प्रत्येक देशावर लोकसंख्या, धर्म, वगैरे माहिती हाताने टिपलेली. हे मी शाईने लिहितो. कारण १७९२ साली कॅरीने लेस्टरला छापलेल्या पुस्तिकेत तेच आकडे देशवार कोष्टकांत दिसतात. एका साक्षीदाराचे शब्द आणि एक स्वतंत्र छापील कागद जुळले की माझे समाधान होते. नकाशाचा धर्मप्रसाराशी असलेला संबंध जगजाहीर आहे. मला त्यात बाकड्यावर बसून रकाने आखणारा एक कारागीर दिसतो. हिशेबनीसाला हिशेबनीस ओळखू येतो.

१३ जून १७९३ रोजी तो एका डॅनिश जहाजाने निघाला. डॉरथीने आधी ठाम नकार दिला होता. मांडीवर काही आठवड्यांचे मूल, समुद्र तिने कधी पाहिलेला नाही, परत येण्याची खात्री नाही. शेवटी बहीण कॅथरीन सोबत येणार म्हटल्यावर ती तयार झाली. ११ नोव्हेंबरला जहाज कलकत्त्याला लागले. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर गेला. त्यानंतर डॉरथीच्या मनाचा तोल गेला, तो परत सावरला नाही.

पॅरिशच्या वह्या इथे संपतात आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरू होतात. माझ्या भुसावळच्या मित्रांसाठी हा भाग महत्त्वाचा होता. हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती बाप्तिस्मा, लग्न आणि दफनांच्या नकला दरवर्षी लंडनला जात. मुंबई इलाख्याच्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत ‘एन ३’ या मालिकेत आहेत. भारतात जन्मलेल्या पणजोबापासून मागे जाताना त्याच्या बापाचे लग्न तिथे शोधायचे. वधू-वरांच्या बापांची नावे १८५१ नंतरच्या नमुन्यात मिळतात. मग इंग्लंडच्या शिरगणतीकडे वळायचे. १८४१च्या शिरगणतीत मोठ्यांची वये बहुधा खालच्या पाचाच्या पटीत उतरवलेली, तेव्हा तीवर फार विसंबू नये. १८५१च्या शिरगणतीत जन्मगावाचे नाव मिळते. गाव मिळाले की पॅरिश आली, आणि मग वर सांगितलेला सगळा प्रवास उलटा. कॅरीला मात्र शिरगणतीत शोधू नका. १८३४ मध्ये तो सेरामपूरला वारला, तेव्हा तशी शिरगणती झालेलीच नव्हती.

मराठीचे व्याकरण १८०५चे. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवताना ते तयार झाले. कॉलेजातल्या वैजनाथ पंडितांची त्याला मोठी मदत झाली. खिळ्यांची परंपरा पंचानन कर्मकार या लोहाराच्या घरातल्या कारागिराची. त्या वर्षी डॉरथी त्याच घरात होती. पलीकडच्या खोलीत ती ओरडत असे आणि अलीकडे हा काम करत असे, असे त्या घराशी निगडित माणसांनी लिहून ठेवले आहे. ८ डिसेंबर १८०७ रोजी ती वारली.

भुसावळच्या मित्रांचा खापरपणजोबा गेल्या पावसाळ्यात सापडला. तो लोहार नव्हता, चाके बनवणारा सुतार होता; आजीने एका धंद्याची चूक केली होती. त्याच्या लग्नाच्या नोंदीची छापील प्रत मी त्यांना दिली. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले आणि विचारले, ‘‘ही सही त्याची. मग हे खाली काय आहे, शाई सांडली?’’ मी म्हणालो, नाही, ती तुमची खापरपणजी.